गुडघ्याचा पाहुणा

माझ्या थोरल्या भावाने माझ्या वहिनीला फसवलं. हे आधीच सांगतो, कारण तिच्या तेराव्याच्या जेवणाला तो पंगतीत फिरून सांगत होता, "बिचारीने कधी काही मागितलं नाही." मागितलं होतं. एकदाच.

शांतावहिनी मंद्रूप गावची. ती आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी रस्त्यावर टॉवेल विकत होतो आणि जून उजाडला की धाकट्या बहिणीच्या फीवरून घरात भांडणं व्हायची. पहिल्याच गुढीपाडव्याला वहिनीने सगळ्यांना समोर बसवलं. "वर्षात कोण कोण पाहुणे येणार, सांगा की." आम्ही मामा-मावश्या आठवायला लागलो. ती हसली. "ती न्हाईत वो! जूनला फी येते. उन्हाळ्यात तिखटाच्या मिरच्या, वर्षाचा गहू. दिवाळी येते, घरपट्टी येते. सगळे सांगून येतात, आन् दारात बघून आपणच घाबरतो."

तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याचा वाटा दर महिन्याला बाजूला निघू लागला. गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसायचं असलं, तरी तो पाहुणा पाडव्यालाच ठरायचा. घरातलं जूनचं भांडण संपलं.

धंद्यात पहिल्यांदा बरे पैसे सुटले तेव्हा मी जुनी मोटारसायकल ठरवून आलो. घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला होता.

"लई स्वस्तात ठरवली, भाऊजी," वहिनी म्हणाली. "पण दुकानाच्या डिपॉझिटचा पाहुणा तुमीच सांगितलावता. त्याला काय अंगणात झोपवू?"

मी ताटावरून उठलो. मोटारसायकल मात्र घेतली नाही. आज चाटी गल्लीत माझं चादरींचं दुकान आहे. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी भावात नमवतो; ते दुकान उभं राहिलं वहिनीमुळे.

पुढे तिचे गुडघे गेले. एका पाडव्याला ती लाजत म्हणाली, "यंदा एक पाहुणा माजा. गुडघ्याचं ऑपरेशन." पैसे जमत गेले. ते दादाच्या नावावर होते. वेळ आली तेव्हा दादा एकटाच डॉक्टरांना भेटून आला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, घाई नको. पुढच्या वर्षी बघू." तिने विश्वास ठेवला.

एकदा त्या दवाखान्यातला कंपाउंडर चादर घ्यायला आला. "तुमच्या वहिनी आल्याच नाहीत परत. डॉक्टर तर तुमच्या दादांना लवकर करा म्हणाले होते." दुकान उघडं टाकून मी घरी गेलो. दादाने ते पैसे होटगीकडच्या एका प्लॉटच्या सौद्यात मित्राला देऊन टाकले होते. प्लॉटही नाही, मित्रही नाही. मी इतका ओरडलो की शेजारी जमले.

"आवाज खाली, भाऊजी," वहिनी भिंतीला धरून उठत म्हणाली. "भाव करताना ठीक हाय. घरात न्हाय."

मी पैसे देतो म्हटलं. ऐकेना. "तुमच्या पोरीच्या कॉलेजचा पाहुणा उपाशी ठिवून माजा जेवू घालू व्हय?" तिने पुन्हा पहिल्यापासून साठवायला घेतलं. ते पुरे होण्याआधीच छातीत कळ येऊन ती गेली. शेवटपर्यंत भिंत धरून चालली.

माझ्या घरात आजही पाहुणे तिच्याच पद्धतीने मांडतात. माझी मुलगी कॉलेजला जाते ती तिच्यामुळे. येत्या पाडव्याला आम्ही सगळे पुन्हा बसू. दादा, तूही येशील. तेव्हा मान खाली घालून चालणार नाही. गुडघ्याच्या पाहुण्याला परस्पर वाटेला कुणी लावलं, ते पोराबाळांसमोर तुझ्या तोंडाने सांग.