बावीस नंबरची सीडी

माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला ही गोष्ट खरी कशी घडली ते ठाऊक नाही. खोटी कशी घडली ते मात्र पुष्कळांना तोंडपाठ आहे, कारण ती मीच सांगत आले आहे. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत सांगितली, संशोधनासाठी प्रवेश मागताना सांगितली, शाळाशाळांतल्या विज्ञानदिनी तर इतक्या वेळा सांगितली की कुठे थांबले की लोक हसतात आणि कुठे थांबले की टाळ्या पडतात, हे मला नेमके कळते. आज टाळ्यांची सोय नाही. तुम्ही एकटे वाचता आहात, ते बरे आहे.

मी खाडीतल्या गाळाचा अभ्यास करते. निरीक्षण, नोंद, पडताळणी — यावर माझे पोट चालते. एखाद्या विद्यार्थ्याने दुसऱ्याची नोंद आपल्या नावावर खपवली तर त्याला प्रयोगशाळेबाहेर काढण्याचा अधिकार मला आहे, आणि एकदा मी तो वापरलाही आहे. त्या दिवशी माझा आवाज किती चढला होता! तो राग खरा होता. फक्त तो कुणावर होता, हे त्या बिचाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता.

तर — एक खेळ होता. मी आठवीत असताना माझ्या वडिलांच्या ट्रेलरवरच्या एका चालकाने जुन्या वस्तूंच्या बाजारातून तळहाताएवढे एक खेळाचे यंत्र आणले. दोन पेन्सिल सेलवर चालणारे. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. उन्हात धरले तरच दिसायचे. म्हणून आम्ही ते काकांच्या मिठागरावर, बांधावरच्या खोपीच्या दारात बसून खेळायचो. मिठावरून उसळणारे ऊन डोळ्यांत जायचे, पण पडदा लख्ख दिसायचा. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण सुगंधा. एकाच वर्गात होतो. यंत्र माझे होते. हे वाक्य लक्षात ठेवा; पुढे कितीतरी वर्षे मी त्याच्या आड लपणार आहे.

खेळ साधा होता. रानात, पाण्यात, गुहेत चित्रविचित्र प्राणी भेटायचे. ते पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. प्रत्येक प्राण्याला एका वेळी चारच डाव येत. काही डाव तो वाढता वाढता आपणहून शिके. काही शिकवावे लागत, आणि त्यासाठी खेळातच ठिकठिकाणी लहान रंगीत तबकड्या सापडत. आम्ही त्यांना सीडी म्हणायचो. सीडी लावली की प्राणी नवा डाव शिकायचा, जुन्या चारांपैकी एक कायमचा विसरायचा, आणि सीडी संपून जायची. ती पुन्हा मिळत नसे. आणि आमची अडचण अशी की खेळ जपानी होता. कोणती सीडी काय शिकवते हे लिहिलेले असायचे, पण आकडे सोडले तर आम्हाला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. वापरल्याशिवाय कळणार नाही, आणि वापरली की संपली! मी पहिल्या चार सीड्या अशाच उधळल्या. पाचवीला सुगंधाने माझ्या हातून यंत्र काढून घेतले.

“आदी ठेवून घेवाचा गो,” ती म्हणाली, “मंग खेलाचा.”

खेळ जिथवर आला असेल तिथे तो जपून ठेवण्याचे एक बटण होते. तिने आधी खेळ जपून ठेवला. मग सीडी वापरली, डाव झुंजीत लावून पाहिला, काय झाले ते वहीत लिहिले आणि — न जपता — यंत्र बंद केले. पुन्हा सुरू केले तेव्हा सीडी जागच्या जागी होती. प्राण्याचे जुने डावही. काहीच खर्च झाले नव्हते, आणि आम्हाला कळायचे ते कळले होते.

हे तेरा वर्षांच्या मुलीने शोधले. बरे, ती तेवढ्यावर थांबली नाही. प्रत्येक सीडी ती एकाच जागी, एकाच जातीच्या शत्रूवर, दहा वेळा लावायची. का? मी विचारले तेव्हा म्हणाली, एकदा लागला तो नशिबाने पन लागंल. वहीत तिच्या टपोऱ्या अक्षरात अशा नोंदी आहेत: ‘१४. धूर. दहातून सात लागला. उडनाऱ्याला लागत नाय.’ ‘१९. पहिल्या फेरीत नुसता उजेड जमवतो, दुसरीत मारतो. पाऊस चालू असला तर अर्धाच.’ पाऊस चालू असला तर! खेळात अधूनमधून पाऊस पडतो हे माझ्या लक्षातही आले नव्हते. तिने तो वेगळा काढून तपासला होता.

मी काय करत होते? सेल बदलत होते. आणि कंटाळत होते.

मग विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितले की पुण्याला उन्हाळी शिबिर आहे, शाळेतून एकच मूल जाईल, आणि घरी केलेला प्रयोग ज्याच्या वहीत असेल त्याचा विचार होईल. घरी केलेला प्रयोग वर्गात एकाच मुलीकडे होता. सुगंधाला ते कळलेही नाही. ती वही तिच्या लेखी प्रयोग नव्हती, खेळ होता. मला कळले. मी तिला म्हटले, आपण ही दाखवू. तिने होकारार्थी मान हलवली. मी म्हटले, पण तू बोलू नकोस, तुझ्या बोलण्याला सगळे हसतात, मी बोलते. हे अगदी खरे होते. वर्गात तिने ‘पानी’ म्हटले की मागच्या बाकावरून ‘पानी, पानी’ सुरू व्हायचे. बहिणीला लोकांच्या हसण्यापासून वाचवते आहे, असे मी स्वतःला सांगितले. तुम्ही कधी स्वतःला इतके सुबक खोटे सांगितले आहे का? मी त्यानंतर इतके सुबक काही बांधलेले नाही.

बाईंनी वही चाळली. चाळता चाळता त्यांचा हात संथ झाला. मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहत त्यांनी विचारले, “ही पद्धत कुणाची?”

इथे एक क्षण होता. मोजण्याजोगा. सुगंधा माझ्याकडे पाहत होती, कारण मी बोलायचे असे ठरले होते.

“माझी,” मी म्हणाले. “मी सांगत गेले, हिने लिहून घेतले.”

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. नाही. एवढ्यावर थांबले असते तर मी आज कदाचित लिहायलाही बसले नसते. बाई म्हणाल्या, करून दाखव. खरोखर ज्याने पद्धत शोधली आहे त्याला यापेक्षा सोपे काय?

मी यंत्र खिडकीच्या उन्हात धरले. अर्धा वर्ग भोवती गोळा झाला. सुगंधाचा लाडका प्राणी खेकड्यासारखा होता. तिने त्याला चिंबोरी नाव ठेवले होते आणि पहिल्या दिवसापासून वाढवले होते. त्याला एक पकडीचा डाव यायचा, जो तो फक्त लहानपणी आपणहून शिकतो — मोठेपणी पुन्हा नाही. आमच्याकडे एकच सीडी न तपासलेली उरली होती, बावीस नंबरची. मी चिंबोरीला ती लावली. कोणता डाव विसरायचा असे यंत्राने विचारले. मी पहिला दिसला तो निवडला. पकड. नवा डाव लावून दाखवला, लाट उठली, मुले ओरडली. आणि मग, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी खेळ जपून ठेवला.

नंतर. आधी नव्हे, नंतर.

यंत्र बंद करून सुरू केले. सीडी नव्हती. पकड नव्हती. दोन महिने तिच्या शेजारी बसून मला त्या पद्धतीचा क्रमसुद्धा कळलेला नव्हता — आणि ते लपवायला माझ्याकडे फार तर एक श्वास होता.

“मग परत का आले नाही?” बाईंनी विचारले.

“हिनेच आधी काहीतरी दाबून ठेवले असणार, बाई. हिला किती वेळा सांगितले, तरी हात लावतेच.”

सुगंधा यंत्राकडे पाहत होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही. ते पडद्यावरचे चित्र तिला वाचता येत होते. काय झाले आणि कुणी केले, हे त्या खोलीत तिला एकटीला कळत होते. बाई तिला म्हणाल्या, “सुगंधा, कळत नसेल तर प्रयोगाच्या वस्तूंना हात लावू नये.” वाईट स्वरात नव्हे. शिकवण्याच्या स्वरात.

“चुकला बाई,” सुगंधा म्हणाली. मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच ‘चुकला, चुकला’ सुरू केले. मीही हसले.

शिबिराला मी गेले. तिथून पुढचे सगळे त्याच रांगेत येते, एकामागोमाग एक. सुगंधाने ते यंत्र पुन्हा हातात घेतले नाही. मी एकदा खोपीवर नेले, तर म्हणाली, तूच खेल, मना नाय कलत. तिच्या तोंडून मी हे वाक्य त्याआधी कधी ऐकले नव्हते. नंतर पुष्कळदा ऐकले. दहावीला विज्ञानाच्या पेपराआधी, बारावी सोडताना. मना नाय कलत!

कारणे मला सगळी येतात. तेरा वर्षांची होते. यंत्र माझे होते. घाबरले होते. ती काही बोलली नाही. ही कारणे मी एकेक करून तपासली आहेत, आणि त्यांतले एकही टिकत नाही, कारण तेरा वर्षांची असताना मी जे एकदा केले ते पुढे मी मोठी, शहाणी, पदवीधर होऊन हसतमुखाने करतच राहिले. वही माझ्याकडे आहे. वरच्या पुठ्ठ्यावर मी माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे. सभागृहात मी ती उंच धरते. अक्षर दिसू नये इतकी उंच.

सुगंधा आता न्हावा शेव्याजवळच्या एका गोदामात कंटेनरवरचे सील तपासते. सील तोडण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवते म्हणून तिथले लोक तिला फोटोवाली म्हणून चिडवतात. नंतर भांडण झाले की तिलाच शोधत येतात. हे तिने मला गंमत म्हणून सांगितले. आधी ठेवून घ्यायचे, मग हात लावायचा. मी ऐकले, आणि म्हटले, वा.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावले. सुगंधा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, कारण तिची मुलगी आर्या तिथेच पाचवीत आहे. मी गोष्ट सांगितली. वही उंच धरली. टाळ्या पडल्या, सुगंधानेही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर आर्या धावत आली.

“मावशी, तुझा तो खेळ आईनेच मोडला होता ना? आई सांगते. म्हणून ती मला म्हणते, कळत नसेल तर हात लावायचा नाही.”

बाईंचे वाक्य. शब्द न् शब्द.

सुगंधा मुलीच्या मागे उभी होती. “काय गो तू, सगल्यांच्या पुढं आईची फजिती करतंस,” ती हसत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “चांगला बोललीस गो. घरी चल, निवट्या केल्यात.”

तिच्या चेहऱ्यावर मी शोधले — राग, टोमणा, काहीही. मला तो हवा होता. तो नाही म्हणून मी तिच्यावरच चिडले. केवढा हा माज! तिने हे मनात धरले आहे की बाईंच्या वाक्यासारखेच खरे मानून टाकले आहे, हे मला सांगता येणार नाही. दुसरे असेल तर मी तिचा खेळ मोडला एवढेच म्हणणे पुरत नाही. आर्या वर तोंड करून उत्तराची वाट पाहत होती. दहा वर्षांची मुलगी, प्रश्न सरळ, साक्षीदार समोर. एका वाक्याचे काम होते.

मी हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अगं, लहान होतो आम्ही.”

जेवायला गेले. त्या खाडीतल्या माशांचे कालवण दोनदा वाढून घेतले.

वही टेबलावर आहे. पुठ्ठ्यावरची चिठ्ठी आज सोलून काढली. खालचा कागदही थोडा निघून आला. आतले शेवटचे पान मी इतक्या वर्षांत उघडलेले नव्हते. तिथे तिने आधीच आकडा घालून ठेवला होता — ‘२२.’ — आणि पुढची ओळ कोरी सोडली होती, तपासल्यावर लिहायला. ती मी आता भरते आहे, तिच्या पद्धतीने, जेवढे दिसले तेवढेच.

२२. लाट उठते. एकदाच लावली. पद्धत सुगंधाची. खेळ नंतर जपला तो मी.