रत्नदीप गायकवाडांची पाच वर्षांची जीप

सिंगापूरमध्ये माणूस किती वर्षं जगेल हे कुणी सांगत नाही, पण गाडी किती जगणार हे तिच्या पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मिळतं. दहा वर्षं. त्या परवान्याला सीओई म्हणतात. मुदत संपली की गाडी कितीही ठणठणीत असो, तिला रस्त्यावर जागा नाही. मोडीत काढा, नाहीतर परवाना वाढवून घ्या. वाढवायचा तर दहा वर्षांनी किंवा पाच वर्षांनी. पाच घेतली तर पुढे दार बंद. मग मंत्र्याची चिठ्ठी आणा की डोळ्यांत पाणी आणा, काही उपयोग नाही.

रत्नदीप गायकवाडांना हा नियम तोंडपाठ होता. तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात वीस वर्षं काढलेला माणूस, नियम वाचल्याशिवाय कुठे सही करणारा नव्हे. तरीही २००४च्या डिसेंबरात त्यांनी फॉर्मवर पाचाच्या चौकटीत खूण केली. का केली, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. नीताने विचारलं तेव्हा म्हणाले, "पाच पुरेत." ती बिचारी समजली, रिटायर होऊन पुण्याला जायचा बेत दिसतोय.

गाडी होती जीप चेरोकी, गडद हिरवी, १९९४ची. तेव्हा रत्नदीप क्लेमेंटीला नुकतेच फ्लॅट घेऊन राहिले होते. मित्रमंडळींनी यथेच्छ टर उडवली. "गायकवाड, डोंगर कुठे आहे इथे चढायला?" ही गाडी पेट्रोल प्यायची ते मोजूनमापून नव्हे, आणि मल्टिस्टोरी कारपार्कच्या वळणांवर तिला घेऊन जाणं म्हणजे म्हैस जिन्यावरून चढवणं. पण शोरूममध्ये रत्नदीपांनी काय केलं, ते त्या विक्रेत्यालाही विचित्र वाटलं होतं. लोक स्टिअरिंग धरून बघतात, बॉनेट उघडायला लावतात. हे थेट मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. पाच मिनिटं नुसते बसून राहिले आणि खाली उतरून म्हणाले, "हीच."

जीप या नावाचा इतिहास ते रविवारी जमणाऱ्या जीपवाल्यांच्या कंपूत रंगवून सांगत. महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी जन्मलेली गाडी, मग मालक बदलत बदलत इथवर आलेली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत तिची जुळणी सुरू झाली आणि ती आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोचली. कंपूतला चिनी म्हातारा डेरेक मलायाच्या रबरमळ्यांतल्या जीपच्या आठवणी काढी. रत्नदीप सांगत, "आमच्याकडे धुरळा दिसला की बाया म्हणायच्या, जीप आली. म्हणजे सरकार आलं." इथवर सांगून ते थांबत. पुढचं त्यांनी त्या कंपूत कधीच सांगितलं नाही.

पुढचं असं. त्यांचे वडील भाऊसाहेब, घरच्यांचे दादा, मुळा धरणाच्या कामावर साहेबांच्या सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी रत्नदीप जन्मले, म्हणून हे नाव. आणि त्याच वर्षी भाऊसाहेबांच्या अंगावर खाकी वर्दी चढली. त्यांच्या भावकीत तोवर कुणी सरकारी पगार पाहिला नव्हता. जीप त्यांच्या ताब्यात असे, किल्ली खिशात असे, पण घरच्या माणसाने तिच्यात पाय ठेवायचा नाही, हा शिरस्ता. पोरं चाकाला हात लावून पळायची, तेवढंच.

१९६६च्या मे महिन्यात रत्नदीपची बहीण लता घशाने आजारी पडली. पाच वर्षांची पोर. दुपारपर्यंत तिला श्वास घेता येईना. कॉलनीतला कंपाउंडर म्हणाला, घटसर्प आहे, ताबडतोब नगरला सिव्हिलमध्ये न्या. जीपने तासाभराची वाट. आई लताला कडेवर घेऊन, नऊ वर्षांच्या रत्नदीपला मागे धावायला लावून डाक बंगल्यावर गेली. साहेब आत होते, जीप लिंबाखाली उभी होती. दादांनी दोघांना फाटकाबाहेर थांबवलं, ते बंगल्याला वळसा घालून मागे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. म्हणाले, "साहेब न्हाई म्हन्ले."

साडेचारच्या एसटीने ते नगरला पोचले तेव्हा लता गेलेली होती.

रत्नदीपच्या मनात त्या दिवसापासून दोन राग धुमसत राहिले. एक त्या साहेबावर, ज्याचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. आणि दुसरा, जास्त जळजळीत, दादांवर. किल्ली खिशात होती. साहेब नाही म्हणाला तर म्हणू दे, गाडी काढायची! नोकरी गेली असती तर गेली असती. हे तो बापाला कधी बोलला नाही. शिकला, नगरच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, माझगावला गोदीत लागला, मग सिंगापूर गाठलं. पैसे दर महिन्याला पाठवले, पत्रं पाठवली, आणि एक दिवस जीप विकत घेतली. कशासाठी? दादांना इथे आणायचं, मागचं दार आपल्या हाताने उघडायचं, साहेबासारखं मागे बसवायचं आणि आपण पुढे ड्रायव्हर व्हायचं. यात प्रेम किती आणि टोचणी किती, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मला विचाराल तर टोचणी थोडी जास्तच होती.

आई गेल्यावर, ९८ साली, दादा पहिल्यांदा आले. विमानतळावर रत्नदीपांनी मागचं दार उघडलं. दादांनी गाडीकडे पाहिलं, नावाची अक्षरं ओळखली आणि म्हणाले, "मला गाडी लागती. रेल्वेनं जाऊ." तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडी लागते! सबंध महिनाभर दादा एमआरटीच्या रेल्वेने आणि बसने हिंडले. नात आर्या सहा वर्षांची होती, ती त्यांना तिकिटाचं मशीन शिकवायची. जीप खाली कारपार्कमध्ये उभीच राहिली. रत्नदीपांनी मनाशी ठरवलं, म्हातारा भिडस्त आहे, पुढच्या वेळी बसेल.

पुढची वेळ लांबत गेली. २००३ला तिकिटं काढली तर सार्सची साथ आली. २००४ला दादांना हार्ट ॲटॅक आला. धाकटा भाऊ शैलेंद्र फोनवर रडत होता, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. त्याच महिन्यात रत्नदीपांसमोर तो फॉर्म होता. पाच की दहा? दादा शहात्तर वर्षांचे, हृदय असं. रत्नदीपांनी पाचावर खूण केली, आणि खूण करताना त्यांच्या मनात नेमकं काय होतं ते त्यांना लख्ख ठाऊक होतं: दादा याहून जास्त जगणार नाहीत.

दादा जगले. गोळ्या वेळेवर घेतल्या, सकाळी फिरायला गेले, आणि २००९च्या नोव्हेंबरात, एक्क्याऐंशीव्या वर्षी, आपणहून म्हणाले, "यंदा येतो." त्या वर्षी अमेरिकेत जीप बनवणारी कंपनीच दिवाळखोरीत जाऊन कशीबशी सावरली होती. इकडे रत्नदीपांच्या जीपचे तीन आठवडे उरले होते.

या खेपेलाही दादा विमानतळावरून रेल्वेनेच घरी आले. रत्नदीपांनी आग्रह केला नाही. परवान्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते एकटेच किल्ली घेऊन निघाले, तर दादा दाराशी चपला घालून उभे.

"कुटं निघाला?"

"तुआसला, गाडी द्यायला. मोडीत काढायची आज."

"चांगली हाय की चालती."

"इथला नियम आहे, दादा."

"मी येतो."

आर्या अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "आजोबा, you sure or not? You said you get carsick lah." दादांनी नुसता हात हलवला.

खाली रत्नदीपांनी मागचं दार उघडलं. पंधरा वर्षं ज्यासाठी थांबले तो क्षण. दादांनी ते दार हळूच लावून टाकलं आणि पुढे, डाव्या बाजूला जाऊन बसले. धरणावरची ती जुनी जीप डाव्या हाताच्या स्टिअरिंगची होती. दादांचा सगळा जन्म याच बाजूला बसण्यात गेला होता. गाडी सुरू झाली तसा त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला.

क्लेमेंटी रोडच्या सिग्नलला दादा म्हणाले, "किती वर्सं भरली होती हिची?"

"दहा. मग पाच आणखी."

"आनखी दहा मिळत नव्हती का?"

खोटं बोलायला सिग्नलभर वेळ होता. रत्नदीपांना ते जमलं नाही. "मिळत होती, दादा. मीच पाच घेतली. तुम्हाला ॲटॅक आला होता. मला वाटलं..." मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला.

दादा रागावले नाहीत. त्यांनी गाडी सिग्नलपुढे निघू दिली. मग म्हणाले, "तू खरं बोलला. आता माजं ऐक. साह्यबांनी न्हाई म्हन्लं नव्हतं."

रत्नदीपांनी गाडी बसस्टॉपच्या पुढे कडेला घेतली.

"म्या इचारलंच न्हाई, रत्ना. साह्यब झोपले होते. मागच्या बाजूला गेलो, व्हरांड्याच्या पायरीपाशी उभा राह्यलो. त्या पायरीवर आपल्यातल्या कुनी पाय ठिवला नव्हता. दार वाजवावं तर पायरी चढावी लागती. पाय उचललाच न्हाई. मानूस वाईट नव्हता तो. उठवला असता तर दिली असती गाडी. मागनं त्यानंच मला इचारलं, भाऊसाहेब, मला का उठवलं नाहीस? तुज्या आईला बी म्या कदी सांगितलं न्हाई. ती त्या साह्यबाला शिव्या देत गेली."

त्रेचाळीस वर्षं. रत्नदीपांनी ज्या माणसावर दात खाल्ले, त्याने नाही म्हटलंच नव्हतं. आणि ज्या बापाला ते भिडस्त समजत होते, तो या गाडीत बसत नव्हता तो भिडेने नव्हे. रत्नदीपांना राग यायला हवा होता. तो आलाही, छातीत वर चढला, आणि अजूनही नसलेला ब्रेक दाबून धरलेला शेजारचा म्हातारा दिसला तसा कुठे जावं ते त्या रागालाच कळेना. त्यांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि ते रडले. दादा रडले नाहीत. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, "हितं दवाखाना कुटं हाय?"

"का? बरं वाटत नाही का?"

"तसं न्हाई. आदी तिथवर चल. मंग दे गाडी."

रत्नदीपांना कळलं. त्यांनी गाडी वळवली. विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल तिथून जेमतेम सात मिनिटांवर होतं. ते वेगाने निघाले, लेन बदलत, एरवी कधी चालवत नसत तसे. दादा पुढे झुकून, एक हात डॅशबोर्डवर रोवून रस्ता बघत होते. "चल, चल," एवढंच मधून मधून म्हणत होते. इमर्जन्सीच्या पोर्चमध्ये जीप शिरली आणि थांबली. दादा दार उघडून खाली उतरले.

एक नर्स व्हीलचेअर घेऊन धावत आली. मागच्या सीटवर तिने पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"Uncle, patient where?"

दादांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे कळलं. त्यांनी रत्नदीपांकडे पाहिलं.

"Sorry, sister," रत्नदीप म्हणाले. "We came too late."

तिला काही उमगलं नाही. मागे ॲम्ब्युलन्स येत होती, तिने हाताने गाडी पुढे घ्यायची खूण केली. दादा पुन्हा डावीकडे येऊन बसले, त्यांनी दार लावलं, आणि दोघं तुआसच्या वाटेला लागले.