टेस्टिंगला ठेवलेला टीव्ही

ओतूरच्या स्टँडामागचा टीव्ही मेकॅनिक दुरुस्त झालेला सेट लगेच कधीच देत नसे. "चार दिस टेस्टिंगला राहू द्या, भाऊ," म्हणायचा आणि आपल्या मालिका त्यावरच बघायचा. एका गाजलेल्या जुन्या मालिकेतल्या गुप्तहेराच्या तरुणपणावर नवी मालिका निघाली, ती त्यानं माझ्या टीव्हीवर पाहिली. ती मध्येच बंद पडली आणि हेर शत्रूच्या कोठडीतच राहिला. मग महिनाभर मी चिडून खेपा घालत होतो. तो म्हणायचा, "त्याचं काय झालं कळंना राव, सेट कसा देऊ?"

एका सकाळी तो स्वतःच टीव्ही घेऊन दारात उभा. "भाऊ, सुटला त्यो! काल ती जुनी मालिका परत लागली, तिच्यात म्हातारा होऊन चहा पीत बसला व्हता."

मी त्या हेराला कधी पाहिलंही नव्हतं, पाहणार कशावर? तरी मला एकदम हायसं वाटलं.