टाकीनंतरचं पहिलं दळण

आमचे हे गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, आता पुण्याला चल. मी लासुर्ण्यातच राहिले. लोकांना वाटलं, घराची माया. खरं कारण समोरची सारजाची पिठाची गिरणी होतं. सकाळी तिथल्या बाकावर तासभर बसलं की गावात काय चाललंय ते सगळं कळतं, आणि रोजनिशीचं पानही भरतं.

सारजा पन्नाशीची. डोक्याला फडकं, पापण्यांवर पीठ, आवाज गिरणीच्या वरचा. गिरणी सासऱ्यांची, पण ते गेल्यापासून तिने दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू दिलेला नाही. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. तो घरी असला की माझ्याशेजारी बाकावर पाहुण्यासारखा बसतो. एकदा त्याने कौतुकाने पट्टा सरळ केला, तर दोन दिवस त्याला त्याच्या ड्रायव्हिंगवरून टोमणे ऐकावे लागले.

मुलगी अंजली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रोज बसने बारामतीच्या अभ्यासिकेत जाते आणि अभ्यासिकेच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, गिरणीतच पुस्तक उघडून बसते. तिला नीतिशास्त्राचा पेपर आहे. इंग्रजी अडलं की माझ्याकडे येते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सचा तास असे, पण सिस्टर एकच मार्ग शिकवत. अंजलीच्या पुस्तकात तीन होते. एक म्हणतो, ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते करावं. दुसरा म्हणतो, परिणाम काही होवो, कर्तव्य पाळावं, दिलेला शब्द मोडू नये. तिसरा विचारतो, चांगला माणूस इथे काय करील? त्यावर खोट्या गोष्टी रचून प्रश्न देतात आणि आपण निर्णय द्यायचा. मला ते शब्दकोड्यापेक्षा आवडू लागलं होतं.

आता कौसल्येबद्दल सांगायला हवं. ती कालव्याच्या कडेच्या वस्तीवर राहते. तिची सहा वर्षांची नात राजेश्वरी हिला गहू चालत नाही. चिमूटभर पीठ पोटात गेलं तरी पोट दुखतं, जुलाब होतात, पोरगी कोमेजून जाते. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा सारजाने आपली दुसरी, ज्वारी-बाजरीची गिरणी पूर्ण उघडून घासली आणि कौसल्येला शब्द दिला की यात गव्हाचा दाणा जाणार नाही. दोन वर्षं तो शब्द तिने पाळला.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मात्र घोटाळा झाला. आदल्या दिवशी त्या गिरणीच्या दगडांना टाकी लावली होती, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत केले होते. टाकीनंतर दगडात कच राहते. ती निघावी म्हणून आधी थोडं धान्य दळून ते पीठ टाकून देतात. सारजाच्या सासऱ्यांपासून त्यासाठी जमिनीवर सांडलेले, झाडून गोळा केलेले गहू वापरायची रीत. या गिरणीला दोन वर्षं सारजा आठवणीने ज्वारी वापरायची, पण त्या सकाळी तिने हाताच्या जुन्या सवयीने गहूच घातले, पीठ कोंबड्यांना टाकलं, आणि त्यावर कौसल्येची ज्वारी दळून दिली. कौसल्या डबा घेऊन गेली. तासाभराने झाडू हातात घेतल्यावर सारजाच्या लक्षात आलं. 

तिने लगेच कौसल्येच्या घरी फोन लावला. तो पलीकडून कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. सकाळी त्या घरातला फोन राजेश्वरीकडे असतो. तिचं कार्टून चालू असताना मध्ये आलेला प्रत्येक फोन ती कापते.

गिरणीत तेव्हा गावातले बागायतदार बापूसाहेब यांच्या घरचे गव्हाचे डबे ओळीने मांडलेले. संध्याकाळी त्यांच्या पुतण्याची हळद. गिरणी ज्यावर चालते ती थ्री फेजची वीज बाराला जाणार. बापूसाहेब स्वतः उभे.

ते म्हणाले, घाबरायचं काय त्यात, एवढ्याशा गव्हाने काय होतंय, इकडे दोनशे माणूस जेवायचंय. मुक्ताबाई आपला डबा धरून म्हणाली, शब्द दिलाय तर जायलाच पाहिजे, मग हळद उपाशी राहिली तरी चालेल. बापूसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने हळदीचं आमंत्रण गेलं असं समजून चालावं. रांगेतले जोतीराम म्हणाले, सांगूच नये, कौसल्या उगाच धास्ती घेईल आणि उद्यापासून साऱ्या गावाचा गिरणीवरचा विश्वास उडेल.

अंजलीचे डोळे चमकले. पुस्तकातले मार्ग असे डबे घेऊन रांगेत उभे राहिलेले तिने कधी पाहिले नव्हते. ती मला हळूच म्हणाली, "आजी, बापूसाहेब पहिल्यात, मुक्ताबाई दुसऱ्यात. जोतीरामतात्या कशातच बसत न्हाईत."

सारजाने ऐकलं. "पेपर नंतर लिही," ती म्हणाली. "मी काय करू ते सांग. पुस्तकात काय हाय?"

अंजली ओशाळली. मग तिने थोडा विचार केला आणि उत्तरपत्रिकेत लिहिते त्यापेक्षा फार साधं बोलली. "आई, तिन्हीकडनं बघितलं तरी कौसल्याकाकूला सांगायलाच पाहिजे. पोरगी आजारी पडली तर त्या दुखण्याची बरोबरी उशिरा मिळालेल्या चपात्यांशी कशी होईल? अडचण तिची न्हाय. अडचण ही हाय की तू गेल्यावर गिरणी कोण चालवणार."

सारजाशिवाय गिरणीला कुणाचा हात लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सारजाने गिरणीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. नवऱ्याला जे वीस वर्षांत मिळालं नव्हतं ते डोक्याचं फडकं तिने सोडून अंजलीच्या हातात दिलं. दगड किती आवळायचे ते सांगता सांगता ती दारापर्यंत आली, तिथून परत फिरली, पुन्हा सांगितलं. शेवटी बापूसाहेबांनीच जीप काढली. सारजाला लवकर परत आणण्यात आता त्यांचाच फायदा होता. मला सारजाने हाताला धरून सोबत घेतलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा चूल पेटलेली, तव्यावर पहिली भाकरी फुगलेली, आणि राजेश्वरी ताटली मांडीवर घेऊन फोनमध्ये बघत बसलेली. सारजा दारातूनच म्हणाली, "ती भाकरी पोरीला देऊ नगं."

मग तिने सगळं सांगितलं. सवयीला बोल लावला नाही, सासऱ्यांना लावला नाही. "चूक माझी हाय," एवढंच शेवटी म्हणाली.

कौसल्येने भाकरी तव्यावरून काढली. परातीतला पिठाचा गोळा बाजूला सारला. मला वाटलं, आता दोन वर्षांचा घरोबा संपला.

"आन् हे सांगायला गिरणी बंद करून आलीस?" तिने विचारलं.

"बंद न्हाय. अंजली चालवतीया."

"अंजली?" कौसल्येने बापूसाहेबांकडे वळून पाहिलं. "मग तुमच्या हळदीचं काय खरं न्हाय, बापूसाहेब."

सर्वांत आधी बापूसाहेबच हसले. राजेश्वरीला दहीभात मिळाला. तिची भाकरी ठेच्याबरोबर बापूसाहेबांनी खाल्ली, आणि माझी भाकरी हा माणूस का खातोय, असा रास्त प्रश्न तिने दोनदा विचारला. उरलेलं पीठ म्हशीपुढे गेलं.

सारजा निघताना म्हणाली की ती गिरणी आजच पुन्हा उघडून घासते, पण यापुढे दळण कुठं न्यायचं ते कौसल्येने ठरवावं. कौसल्या तडक उठली. आत गेली, कणगीतून ज्वारीची अर्धी गोणी ओढत बाहेर आणली आणि जीपमध्ये टाकली. मग पदर खोचून स्वतःच पुढच्या सीटवर चढून बसली.

"मी हुबी राहून बघणार," ती म्हणाली. "आन् पहिलं टाकायचं दळण माझ्या ज्वारीचं."

"व्हय," सारजा म्हणाली आणि माझ्याशेजारी मागे सरकून बसली.