वृंदगानातला खालचा सूर

पाचही जण अगदी सुरात गात होते आणि गाणं मात्र कुठेच नव्हतं.

धारला नलूताईंच्या घरी, त्यांच्या हॉलमध्ये मी माईक लावून, कानांवर हेडफोन चढवून बसले होते. समोर आमच्या रेडिओ केंद्राच्या जुन्या वृंदगानाचे उरलेसुरले पाच कलाकार. त्यांनी पहिला अंतरा संपवला आणि शाबासकीच्या आशेने माझ्याकडे बघितलं. मी हेडफोन काढला, तपासला, परत घातला. आवाज सुरेख भरदार येत होता. पण लग्नाचा मांडव सजलाय, पाहुणे बसलेत आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, तसं काहीतरी वाटत होतं.

मी रेडिओत प्रोग्रॅमची नोकरी करते. म्हणजे कार्यक्रम ठरवायचा, माणसं गोळा करायची, रेकॉर्ड करायचं आणि साहेबांची बोलणी खायची. आता स्टाफ नाही, म्हणून बाहेर गेलं की माईकही मीच लावते. साहेबांनी वृंदगानाच्या इतिहासावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम मागितला होता.

वृंदगान म्हणजे कॉयर. एके काळी सरकारी रेडिओत पगारी गायकांचे असे चमू असत. ऑडिशन देऊन लागलेली माणसं. सकाळी ऑफिसात यायची, सही करायची, दिवसभर एकत्र गायची आणि बसने घरी जायची. देशाची गाणी, पेरणीची गाणी, हिंदीतली, माळवीतली, अधूनमधून मराठीतलीसुद्धा. मग एकेक जण रिटायर झाला, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि शेवटी वृंदगान संपलं हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं माळव्यातल्या सकाळचं. इथल्या जुन्या लोकांना नुसतं नाव सांगितलं तरी चेहरे खुलतात. मी मूळची ग्वाल्हेरची, बदलीवर आलेली, म्हणून मी ते ऐकलेलंच नव्हतं. आणि ज्या टेपवर ते होतं ती ओलीमुळे चिकटून तिची वडी झाली होती. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गाने के बिना कॉयर का इतिहास? फिर तो पाँच मिनट की बातचीत में निपटा दीजिए, मॅडम."

हे निपटा दीजिए माझ्या डोक्यात गेलं. त्यात आदल्याच दिवशी नलूताईंशी फोनवर बोलणं झालेलं. उभी नोकरी त्यांनी वृंदगानात काढली, पण रेडिओवरून त्यांचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. मुख्य गायकाचं नाव, कवीचं नाव, तबलजीचंसुद्धा नाव. मग 'और वृंदगान के कलाकार', झालं. त्यांनी तक्रार म्हणून नव्हतं सांगितलं, पण मला लागलं. पाच मिनिटांच्या गप्पांत त्यांचं नाव पुन्हा राहणार होतं. मी ठरवलं, टेप गेली तर गेली, माणसं आहेत ना? त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घेऊ.

देवासहून मी तिघांना गाडीत घातलं. त्यांत अण्णा, म्हणजे वृंदगानातला सगळ्यात जाड आवाज. त्यांनी वाटेत कचोरीसाठी गाडी थांबवायला लावली आणि तेलकट खाल्ल्याने खालचा सूर मोकळा होतो असं मला पटवूनही दिलं. धारला नलूताई आणि त्यांची एक मैत्रीण तयारच होत्या. नलूताईंनी ठेवणीतली महेश्वरी साडी नेसली होती. रेडिओसाठी. त्यांना मी काय बोलणार?

दारात त्यांचे यजमान श्रीधरराव. सिंचाई विभागातून रिटायर झालेले, उंच, किडकिडीत, मिस्कील. माझ्या हातातलं सामान घेत म्हणाले की मॅडम, आज काय तो सोक्षमोक्ष लावून टाका. जन्मभर रेडिओला कान लावून बसलो, पण हिचा आवाज एकदाही ओळखू आला नाही. ही खरंच गात होती की नुसती चहा पिऊन परत येत होती?

सगळे हसले. नलूताईही हसल्या, पण जरा कमी. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. वृंदगानात एकाचा आवाज वेगळा ऐकू आला तर तो दोष. सगळ्यांचा मिळून एकच आवाज व्हायला हवा. श्वाससुद्धा सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, आळीपाळीने चोरून घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. "मी ऐकू आले नाही, म्हणजे मी नोकरी चोख केली," त्या म्हणाल्या आणि यजमानांना चहा टाकायला आत पाठवलं.

तर आता गाणं कुठे गेलं ते सांगते. या वृंदगानात सगळे एकच चाल गात नसत. निम्मे लोक मूळ चाल गात, तो वरचा सूर. बाकीचे त्याच वेळी खालून वेगळी, आधार देणारी चाल गात, तो खालचा सूर. घरात दिसते ती भिंत, पण तिला धरून असतो पाया, तसं. वरच्या सुरातली मंडळी आता कोणी वारली होती, कोणी मुलांकडे परदेशी गेली होती. माझ्या समोरचे पाचही जण खालच्या सुराचे, म्हणजे नुसता पाया.

"मग मूळ चाल म्हणा ना कुणीतरी," मी म्हटलं. त्यात काय एवढं? जन्मभर एका खोलीत उभं राहून गायलेलं गाणं.

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले.

अण्णांनी प्रयत्न केला. नलूताई म्हणाल्या की हे तुमचंच आहे, नुसतं वर सरकवलंय. मैत्रिणीने दुसरं काहीतरी सुरू केलं, ते तिसऱ्याच गाण्यातलं निघालं. मग उलगडा झाला. त्यांना शिकवणाऱ्या सरांची पद्धतच तशी. वरच्यांची तालीम एका खोलीत, खालच्यांची दुसऱ्या. रेकॉर्डिंगला एकत्र आले तरी खालच्यांनी शेजारच्या ओळीकडचा कान तळहाताने झाकायचा. तिकडे कान दिला की आपला सूर तिकडे घसरतो. या लोकांनी तो नियम इतका इमानदारीने पाळला की आपलं गाजलेलं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं! बरं, रेडिओवर तरी? ते लागायचं सकाळी, तेव्हा ही सगळी मंडळी पहिल्या बसमध्ये.

मला हसावं की रडावं कळेना. खरं म्हणजे रागच आला. सरांनी चाली लिहून ठेवलेल्या कागदांचा पत्ता नव्हता. साहेबांचं पाच मिनट डोळ्यांसमोर दिसायला लागलं. नलूताई पदराशी चाळा करत बसल्या होत्या, आणि त्या साडीकडे मला बघवेना.

इतक्यात श्रीधरराव चहाचा ट्रे आणि सेव घेऊन आले. कप वाटता वाटता म्हणाले की मघापासून काय गाताय तुम्ही? नलूताई त्रासून म्हणाल्या की आमचंच गाणं, सकाळचं.

"छे! ते असं कुठे होतं?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला गाणं नाही कळत. पण दर सोमवारी दाढी करताना ऐकलंय मी ते. तुला शोधत होतो ना त्यात."

आणि ट्रे हातात तसाच धरून त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज आरती म्हणणाऱ्या माणसाचा. किंचित कापरा, पण चाल चोख. अण्णांच्या हातातली सेव हातातच राहिली. "अरे भिया," ते अस्सल माळवी 'भैया'वर येत म्हणाले, "तुम्ही तर वरचे निघालात."

आम्ही शहाणे लोक गाणारे शोधत हिंडत होतो आणि ऐकणारा आत चहा उकळत होता.

मी त्यांना माईकपुढे उभं केलं तर ते घाबरलेच. आपण आयुष्यात कधी गायलो नाही, मॅडम, उगाच रेडिओची शोभा करू नका, असं सुरू झालं. मी समजावलं, अण्णांनी समजावलं. काही उपयोग नाही. तेव्हा नलूताई उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही वरचं धरा," त्या म्हणाल्या. "खाली मी आहे."

श्रीधररावांनी सुरुवात केली. एक ओळ ते एकटेच. दुसऱ्या ओळीला खालचे पाचही जण आले, आणि मघाशी जे नुसतं घुमत होतं त्याचं एकदम गाणं झालं. जुन्या लोकांचे चेहरे का खुलतात ते मला कळलं. सवयीने पाचही जणांचे हात कानाकडे गेले. नलूताईंचा हातही गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. त्या ऐकत ऐकत गायला लागल्या. सूर काही घसरला नाही.

दुसऱ्या अंतऱ्यात श्रीधरराव मध्येच गप्प झाले. खालचे गात राहिले. मी हाताने खूण केली की काय झालं? ते माझ्याकडे बघतही नव्हते. बायकोकडे बघत होते.

"सापडली," ते म्हणाले. माईकमध्ये स्वच्छ.

नलूताई गात राहिल्या. डोळे वाहत होते, तरी श्वास त्यांनी नियमाप्रमाणे चोरूनच घेतला.

आम्ही दुसरा टेक घेतला. तो निर्दोष झाला, कुठे चूक नाही. ऑफिसात मी साहेबांना दोन्ही ऐकवले. पहिला ऐकताना ते म्हणाले की ये बीच में कौन बोला, इसे काटिए. मी सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "पहला ही रखिए." माझ्या नोकरीत साहेबांनी चूक ठेवायला सांगितली ती ही एकदाच.

कार्यक्रम पूर्ण अर्धा तास झाला. शेवटी सगळ्यांची नावं मी स्वतः वाचली, सावकाश. दुसऱ्या दिवशी नलूताईंचा फोन आला. मला वाटलं आभार मानतील. तर बाई तणतणत होत्या. मी श्रीधररावांचं नाव 'मुख्य स्वर' म्हणून सगळ्यात आधी घेतलं होतं. जन्मभर गायल्या त्या, आणि मुख्य गायक कोण, तर हे! सकाळपासून गल्लीतले लोक यांचं अभिनंदन करायला येतायत आणि चहा परत मलाच टाकावा लागतोय, म्हणाल्या.

मी माफी मागितली. तेवढ्यात मागून श्रीधररावांचा आवाज आला. ते वरचा सूर लावून बसले होते आणि पहिल्या ओळीशीच अडले होते.

"ठेवते," नलूताई म्हणाल्या. "खाली कोणी नाहीये त्यांच्या."

तेव्हापासून मी जुनं काही शोधायला कलाकाराच्या घरी गेले की आधी विचारते, घरात ऐकणारं कोण आहे?