गाडी का बंद पडली

दादा गेल्यावर दोन महिन्यांनी पोलिसांनी माझी गाडी सोडली. मागचा दरवाजा आत चेपला होता, इंजिनाला मात्र काही झालं नव्हतं. किल्ली फिरवताच ती सुरू झाली. मला तेच सहन होईना.

दादा फौजेत होता. वहिनी आणि लेकीसोबत दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्या दुपारी मी त्याला मानेसरहून घरी सोडायला निघालो होतो. हायवेवर इंजिन एकाएकी बंद पडलं. "तू स्टिअरिंग धर, मी ढकलतो," म्हणून तो मागे गेला. मागून ट्रक आला.

तेराव्यानंतर वहिनींनी एवढंच विचारलं होतं, "भाऊजी, गाडी बंद का पडली?"

"बघून सांगतो," मी म्हणालो होतो.

म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेली. इंजिन किती वेगानं फिरतंय हे एक छोटा सेन्सर कळवत असतो. तो गप्प झाला की इंजिन थांबतं, असं त्यानं समजावलं. सेन्सरच्या तारांना मीटर लावून त्यानं गाडी चालू ठेवायला सांगितली. वीसेक मिनिटं सगळं ठीक होतं. मग समोरचा आरपीएमचा काटा थरथरला, धपकन शून्यावर आला आणि इंजिन बंद.

"घुमाओ," तो म्हणाला.

मी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण मीटरवर काहीच नव्हतं. अर्ध्या तासानं, सगळं थंड झाल्यावर, आकडे परत आले.

"गरम होते ही मर जाता है. पहले कभी काटा ऐसे गिरा था?"

पडला होता. महिनाभर अधूनमधून क्षणभर पडायचा, लगेच पुन्हा वर यायचा. मी होकारार्थी मान हलवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी क्वार्टरवर गेलो. वहिनी ट्रंक भरत होत्या. मी सगळं सांगितलं.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"काटा पडायचा, हे माहीत होतं."

"आणि ह्यांना?"

"दादानं दोनदा सांगितलं होतं, दाखवून घे म्हणून. मी पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिलो."

त्यांनी हातातला शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला.

"सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता जा तुम्ही."

आठवड्याभरात त्या लेकीला घेऊन साताऱ्याला गेल्या. गाडी मी भंगारात दिली. पुतणीच्या वाढदिवसाला फोन केला, तेव्हा वहिनींनी उचलला, माझा आवाज ओळखला आणि काही न बोलता फोन तिच्या हातात दिला.