हवालदारांनी मिशी काढली

मामंजी धडधाकट असताना आमच्या दारात बाया हेल काढून रडायला आल्या, त्याची ही गोष्ट. हसायचं आसंल तर खुशाल हसा, पर आदी समदं ऐकून घ्या.

गावात बाजाराचा दिवस हुता. मी चुलीम्होरं भाकरी थापत हुते, तवर दारात ही रडारड! "रंगूबाई गं, कवा गं गेलं म्हातारं? काल तर वड्याला दिसलं हुतं गं बया!" मी पिठाच्या हातानं तशीच भाईर पळाले. बगते तर मामंजी, म्हंजे आमच्या हवालदारांचं वडील भाऊसो, कट्ट्यावर बसून चिलीम वढत्यात. त्येंना बघून एका बाईची तर दातखीळच बसायची राहिली.

"कोण गेलं गं?" मामंजींनीच तिला इचारलं.

कोणच गेलं नव्हतं. आमच्या हवालदारांनी गुंडा न्हाव्याच्या म्होरं बसून मिशी साफ उतरून घेतली हुती, आन् तसंच उघड्या वठानं भर बाजारातनं घरला आलं हुतं. आमचं गाव कुंडलच्या वरच्या अंगाला. घरटी एक गडी पलटणीत. हितं बाप्याची मिशी उतरती ती आय न्हाईतर बा गेल्यावरच. मग लोकांनी काय समजायचं? गुंडा तर वस्तरा हातात घिऊन ह्येंच्या पाया पडत हुता म्हणं, "हवालदार, मला पाप लावू नका." पर ऐकतोय कोण? खरंच, ऐकतोय कोण! आमच्या हवालदारांना तोफेचा आवाजसुदीक ऐकू येत नव्हता.

मामंजींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काठी आपटत म्हणालं, "मी जित्ता असताना मिशी काढली? मला मेल्यात धरलंस व्हय रं कृष्णा?"

ह्येंनी माझ्याकडं बगितलं. "आबा काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, तोंड काळं करा," मी म्हणलं. मला बी राग आला हुता की. दारात बाया रडून गेल्यावर कुणाला येणार न्हाई?

त्या दिसापास्नं मामंजींनी ह्येंच्याशी बोलणं टाकलं. जेवायला बसायचं ते पाठ करून.

आता ह्येंच्या कानाचं सांगते. हे तोफखान्यात हुतं. एकाहत्तरच्या लढाईत तोफांजवळ राहून दोनी कान गेलं. पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात लय महिनं ठिवलं. तितं एका बाईनं ह्येंना समोरच्याचं वठ बघून बोलणं वळखायला शिकवलं. मग पेन्शनीवर घरला धाडलं. बोलायचं झ्याक, पर आवाजाचा अंदाज न्हाई. घरात मीठ मागितलं तर शिवारात ऐकू जायचं.

आन् आमची हरणा. एकुलती एक लेक, तवा पाच वर्साची. तोंडातनं एक शबूद न्हाई. हाक मारली तरी बगायची न्हाई. म्या काय केलं न्हाई! वेखंड उगाळून जिभंला लावलं. पोपटानं टोचल्याला पेरू हुडकून आणून खायला घातला. देवळातल्या घंटंत पाणी भरून ते पाजलं. मामंजी म्हणायचं, "खुळं हाय ते. म्हशीमागं लावा, पोट भरंल." मला त्येंचा राग यायचा, आन् मनातनं भ्या बी वाटायचं की म्हातारं खरं तर बोलत नसंल?

हे घरला आलं त्याच्या दुसऱ्या दिशी हरणा सोप्यात पाटीवर रेघोट्या वढत हुती. ह्येंच्या हातनं तिच्या मागं पितळंची घागर पडली. मी दचकले, मामंजी दचकलं, दावणीची म्हस दचकली. हरणा न्हाई दचकली, आन् हे बी न्हाई. हे माझ्या तोंडाकडं बगत राहिलं, मग तिच्याकडं. आन् वरडलं, "आगं, ही खुळी न्हाई! ही माझ्यावानी हाय!"

मी गोठ्यात जाऊन मनसोक्त रडले. लेक भैरी म्हणून रडले, आन् खुळी न्हाई म्हणून त्याच्यापरास जास्त रडले.

दुसऱ्या दिसापास्नं हे तिला म्होरं घिऊन बसायला लागलं. "बा" म्हणायचं, "आय" म्हणायचं. पोरगी टक लावून बगायची, पर मिशी ही अशी, झाडूवानी वठावर पडल्याली. तिला दिसणार काय? ती बिचारी बोटानं मिशी वर करून खाली वाकून बगायची. चार-पाच दिस हे तिला बगू देत हुतं. बाजाराच्या दिशी काय न बोलता उठलं आन् गुंडाकडं गेलं. म्होरलं तुमाला सांगितलंच.

पर मला खरं कळलं ते त्या सांजच्याला. ह्येंनी उघड्या तोंडानं "बा" म्हणलं, आन् पोरीनं वठावर वठ दाबलं, आन् तिच्या पोटातनं कायतरी आवाज भाईर आला. "ब्बा." घोगरा, अर्धामुर्धा. मी ह्येंचा दंड धरून हालवला, "आवं, बोलली! बोलली ती!" मग माझा मिशीचा राग गेला. जाऊ दे मेली मिशी.

जून आला तसं हे हरणाला मराठी शाळंत घिऊन गेलं. आमच्या शाळंत एकच मास्तर, नानासो गुर्जी. माणूस वाईट न्हाई, पर चार वर्ग एकट्याच्या गळ्यात. म्हणालं, "हवालदार, बोलत्या पोरांना शिकवता शिकवता माझा जीव मेटाकुटीला येतो, मुकी पोर कुठं घेऊ?"

"मी बसतो तिच्याशेजारी," हे म्हणालं. आन् खरंच बसलं की! पहिलीच्या पोरांत, तरटावर, मांडी घालून, तोफखान्याचा हवालदार.

गुर्जींना खोड दोन. फळ्याकडं तोंड करून शिकवायचं, आन् गालात तंबाखूचा बार. बार भरला की वठ शिवल्यावानी गप. मग हे वर्गातनं वरडायचं, "गुर्जी, तोंड हिकडं! आन् तो बार थुका!" पोरं खी खी करायची. एक दिवस गुर्जींनी खडू फेकला आन् म्हणालं, "शाळा माझी का तुमची? न्या पोरीला घरला."

लेकीला हाताला धरून हे घरी आलं. तोंड एवढंसं झालं हुतं. आन् मामंजी कट्ट्यावरनं म्हणालं, "आता तरी म्हस लावा तिच्याकडं."

माझं डोकं फिरलं. पदर खवला, आन् गेले शाळंत. वातीचा कापूस हातातच हुता. म्हणलं, "गुर्जी, एवढा कापूस कानात घाला."

"काय येडबिड लागलं काय रंगूबाई?"

"घाला म्हणते ना!"

माझा अवतार बघून त्येंनी घातला. मग मी तोंडाम्होरं पदर धरला आन् हळू आवाजात त्येंना चार चांगल्या शिव्या हासडल्या. "कळलं काय?" म्हणून खुणंनं इचारलं. गुर्जींनी मान हालवली, न्हाई. मग मी पदर काढला, त्येंच्याम्होरं हुबी राहिले, आन् तेवढ्याच हळू म्हणलं, "माझ्या लेकीला शिकवा."

गुर्जींनी कानातला कापूस काढला. म्हणालं, "हे कळलं. पर पदरामागं काय म्हणाला?"

"ते न्हाई सांगणार."

गुर्जी हसलं. मग म्हणालं, "ऐका. बार वर्गात खाणार न्हाई, तोंड बी पोरांकडं ठिवीन. पर वर्साच्या शेवटाला पहिलीची परीक्षा तोंडी असती. जे समद्या पोरांना इचारीन तेच तिला इचारीन. सांगितलं तर दुसरीत घालीन. न्हाई सांगितलं तर नाव काढावं लागंल. मी खोटं पास करणार न्हाई."

मामंजींनी बी ऐकलं, आन् गावभर सांगितलं, "चैताला म्हशीला राखणारी मिळणार."

गुर्जींनी मात्र शबूद पाळला. बाराबिगर त्येंचं डोकं दुखायचं, पोरांवर खेकसायचं, पर पाळला. घरात आमी दोघं. हे तिचा हात आपल्या नरड्यावर ठिवायचं, आवाज कसा थरथरतो ते कळावं म्हणून. "प" आला का ते बगायला तिच्या वठाम्होरं कोंबडीचं पीस धरायचं. पीस हाललं की तिघंबी हसायचं. मी भाकरी हातात घिऊन "भाकरी" म्हणायचे, तिला घास दिल्यावर परत म्हणायचे. कदी पोरगी वैतागून पाटी फेकायची, हातपाय आपटायची. कदी मीच वैतागायचे. कितीक शबूद आलंच न्हाईत. आलं ते बी घरच्यांनाच कळावं असं.

चैतात परीक्षा आली. शाळंच्या दारात निम्मं गाव. मामंजी बी आलं, "म्हशीचं काय ठरतंय बगतो" म्हणून उंबऱ्यावर बसलं.

हरणाचा नंबर आला. हे कडंला भिंतीला टेकून, हात बांधून हुबं. गुर्जींनी आकडं काढायला सांगितलं, तिनं काढलं. फळ्यावरचं अक्षर दावलं, तिनं आपल्या घोगऱ्या आवाजात सांगितलं. मग गुर्जींनी समद्यांना इचारल्यालं तेच इचारलं, सावकाश, वठ उघडून, "तुझ्या घरात कोण कोण हाय?"

"बा," हरणा म्हणाली. "आय." मग जरा थांबली. "म्हस."

लोक हसाय लागलं. मी न्हाई हसले. मामंजी बी न्हाई.

"आनखी?" गुर्जी म्हणालं.

तिनं हिकडं तिकडं बगितलं, आन् उंबऱ्याकडं बोट केलं. म्हाताऱ्याकडं.

"ते कोण?"

पोरीनं तोंड उघडलं, मिटलं. कुठनं सांगणार? वर्सभर म्हातारं पाठ करून जेवत हुतं. तिच्याम्होरं त्यानं कदी तोंडच उघडलं नव्हतं, आन् उघडलं तरी त्या झुबक्याखाली वठ कुणाला दिसत्यात? आमी तरी तो शबूद कुठं शिकवला हुता? घरात त्येंचं नाव काढायची चोरी! गुर्जी वाट बगत राहिलं. मी पदराचं टोक दातात धरलं.

मामंजी उठलं. काठी टाकली, वर्गात आलं, नातीच्याम्होरं उकिडवं बसलं. मग दोनी हातांनी आपली मिशी धरून वर केली, नाकापत्तर, आन् तोंड हे एवढं उघडून म्हणालं, "आ... बा."

"भाऊसो, आवं परीक्षा चाललीया!" गुर्जी वरडलं. "सांगायचं न्हाई!"

"म्या गप बसायचं तेवढं बसलो," मामंजी म्हणालं, मिशी तशीच धरून. आन् परत, "आबा."

हरणानं हात म्हाताऱ्याच्या नरड्यावर ठिवला. वठाकडं बगितलं. "आ... ब्बा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यातनं पाणी आलं, पर मिशी काय सोडली न्हाई. गुर्जींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणालं, "सांगितल्यालं धरत न्हाई म्हणणार हुतो. पर शिकवलं आन् शिकली, ह्याला नापास कसं करू? घाला दुसरीत."

समदी शाळा वरडली. पोरं नाचली. मी हसत हुते का रडत हुते, मलाच ठावं न्हाई. ह्येंनी तेवढं सगळ्यांच्या तोंडाकडं बगितलं, मग बापाच्या उघड्या वठाकडं, मग लेकीकडं. ती तवर "आबा, आबा" करत म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली हुती, तिला आता थांबवायचं कसं!

हे माझ्याजवळ आलं. आयुष्यात पैल्यांदा इतकं हळू बोलल्यालं मी ऐकलं.

"रंगू, कसा हाय गं तिचा आवाज?"

वर्सभर ह्या माणसानं नरड्यावर हात ठिवून, पीस हालवून, मिशी काढून, बापाचा अबोला सोसून जे भाईर काढलं, ते ह्येंना कदी ऐकू येणार नव्हतं. मला ग्वाड काय सुचंना. खोटं बोलावं तर हे वठ वाचायचं, डोळं बी वाचायचं.

मी पदर खाली घेतला, तोंड ह्येंच्याम्होरं केलं, आन् म्हणलं, "तुमच्यावानी हाय. लय भसाडा."